एका फोटोनं अख्खा सर्व्हर का बसतो? मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअरमधल्या सेवा बंद पाडणाऱ्या चुका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीत राहतो. आंबा-काजूची पॅकहाऊसं, मच्छीमार सोसायट्या आणि काही होमस्टेवाले यांना मॉडेलं, म्हणजे उदाहरणं बघून शिकलेले प्रोग्राम, चालवायला मदत करतो. कुणाकडे कॅमेऱ्याखालून हापूसची प्रतवारी होते, कुणी पानाच्या फोटोवरून करपा की भुरी ते ओळखतं, कुणी पाहुण्यांना मराठीत उत्तरं देणारा चॅट लावला आहे. या सगळ्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एका जागी ठेवतो. सुरुवातीचे सोपे आहेत, शेवटचे किचकट. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. सेवा बंद पाडणारी चूक म्हणजे काय? यात काही चोरीला जातं का?

चोरीला काही जात नाही. डेटा जिथल्या तिथे असतो, पासवर्ड फुटत नाही. ज्या कामासाठी सॉफ्टवेअर ठेवलं ते काम तेवढं होईनासं होतं. याला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘डॉस’. सुरक्षेत तीन गोष्टी सांभाळायच्या असतात: माहिती गुप्त राहणं, ती कुणी बदललेली नसणं आणि हवी तेव्हा ती हाताशी असणं. डॉस तिसरीवर घाव घालतो.

ही तिसरी गोष्ट दुय्यम आहे, असं बरेच जण धरून चालतात. मला ते अजिबात पटत नाही. झाडावरून उतरवलेला आंबा कुणासाठी थांबत नाही. एप्रिलमध्ये प्रतवारीची लाइन सहा तास बंद राहिली तर त्या दिवसाच्या पेट्या वाशीच्या गाडीला मुकतात, आणि दुसऱ्या दिवशी दर तोच असेल याची खात्री कुणी देत नाही. हर्णैच्या बंदरावर लिलाव सुरू असताना वजन आणि जात नोंदवणारं ॲप अर्धा तास अडकलं तर मासळी बर्फात ठेवूनही नुकसान व्हायचं ते होतंच.

२. म्हणजे हा डीडॉस हल्लाच ना?

नाही, आणि हा फरक कळला नाही तर पैसे चुकीच्या जागी खर्च होतात. डीडॉसमध्ये हजारो मशीनं एकदम धडकतात. साकवावर एकाच वेळी अख्खा गाव चढावा तसं. इथे ज्या चुकांबद्दल बोलतोय त्यात साकवाच्या मधोमध एकच बैल बसतो आणि पलीकडची वाडी तुटते. एक विनंती, एक फाइल, कधी कधी एक अंक तेवढा पुरतो. गर्दी अडवणारी महागडी सेवा घेतलीत तरी ती याला ओळखणार नाही, कारण गर्दी नसतेच.

३. मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्येच या चुका इतक्या का सापडतात?

कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. वरून पायथन ही प्रोग्रामिंग भाषा दिसते, पण खरं काम खाली सी-प्लस-प्लस या भाषेत आणि जीपीयूच्या (एकाच वेळी भरपूर गणितं करणाऱ्या चिपच्या) कोडमध्ये चालतं. तिथे चुकलं की साधी एरर येत नाही, प्रोसेसच, म्हणजे चालू असलेला अख्खा प्रोग्राम, पडते (प्रश्न ४). शिवाय इथे आकार बाहेरून ठरतो. आलेल्या फाइलमधला एखादा आकडा सांगतो की किती मेमरी घ्यायची आणि किती फेरे मारायचे.

मशीन लर्निंगच्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, संशोधकांच्या टेबलावर वाढल्या, हेही लक्षात घ्या. संशोधक स्वतःचा डेटा स्वतःच्या मॉडेलला देतो. त्यात कुणी मुद्दाम खडा टाकेल असं त्याला वाटायचं कारण नसतं. गूगलनं टेन्सरफ्लो ही त्यांतली एक लायब्ररी नोव्हेंबर २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली आणि पुढच्या काही वर्षांत तोच कोड अनोळखी लोकांच्या फोटोंसमोर, मजकुरासमोर उभा राहिला.

आणि मॉडेल चढायला वेळ लागतो. साधी वेबसाइट पडली तर दोन सेकंदांत उठते. काही जीबीचं मॉडेल डिस्कवरून वाचून जीपीयूवर बसेपर्यंत मिनिटं जातात. त्यामुळे दर मिनिटाला एक वाईट विनंती पाठवणारा माणूससुद्धा सेवा दिवसभर खाली ठेवू शकतो.

४. आमचा सगळा कोड ट्राय-एक्सेप्टमध्ये (पायथनच्या एरर पकडायच्या सोयीत) आहे. तरी प्रोसेस मरतेच कशी?

एरर पकडायला पायथन जिवंत असावा लागतो. टेन्सरफ्लोच्या सी-प्लस-प्लस कोडमध्ये ‘चेक’ नावाची तपासणी जागोजागी आहे. तिचा अर्थ, ही अट खरी नसेल तर प्रोग्राम इथेच बंद करा. पुढे चुकीचं गणित करत बसण्यापेक्षा थांबलेलं बरं, हा त्यामागचा विचार, आणि तो वाईट नाही. पण अट बाहेरून आलेल्या आकड्यावर अवलंबून असेल, तर बंद करायचं बटण बाहेरच्याच हातात जातं.

२०२१ आणि २०२२ मध्ये टेन्सरफ्लोत अशा चुकांची रांगच लागली होती. एक नमुना सांगतो. टेन्सरचा (आकड्यांच्या तक्त्याचा) आकार बदलणाऱ्या ‘रीशेप’ला इतके मोठे आकडे द्यायचे की त्यांचा गुणाकार ठरलेल्या बिटांत मावतच नाही. तपासणी फसते आणि प्रोसेस जागच्या जागी संपते. सीव्हीई या असुरक्षिततांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२२-३५९३४ या क्रमांकानं ही चूक नोंदली गेली आणि २.१० आवृत्तीत दुरुस्त झाली. दोष अवघड गणितात नव्हता. मोजायचं ते आधी मोजलं नव्हतं, एवढंच.

शून्यानं भागण्याचंही असंच. पायथनमध्ये शून्यानं भागलं तर एरर येते आणि ती पकडता येते. खालच्या कोडमध्ये पूर्णांकाला शून्यानं भागलं की आपल्या नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसलाच मारते. रिकामी बॅच (एकदम दिलेला गट), शून्य उंचीचं चित्र, शून्य टप्पा (एका वेळी किती पुढे सरकायचं तो आकडा), यातलं काहीही पुरतं.

दोन गोष्टी करा. लांबी, रुंदी, संख्या, प्रकार हे सगळं लायब्ररीला हात लावण्याआधी आपल्याच कोडमध्ये तपासा. आणि मॉडेल वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा, म्हणजे ते पडलं तरी विनंत्या घेणारा दरवाजा उघडा राहील.

५. फोटो जेमतेम सव्वाशे केबीचा होता. त्यानं सगळी रॅम कशी खाल्ली?

फाइलचा आकार आणि चित्राचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अपलोडवर ‘५ एमबीपेक्षा मोठी फाइल नको’ एवढंच लिहून थांबणारे इथेच फसतात. पीएनजी दाबून ठेवलेली असते. एकाच रंगाचं, एका बिटाचं, ३०,००० बाय ३०,००० चं चित्र सव्वाशे केबीच्या आत बसतं. ते उघडलं की ९० कोटी पिक्सेल होतात. तीन रंगांत बदललं की २७० कोटी बाइट, म्हणजे २.७ जीबी. मॉडेलला द्यायला प्रत्येक आकडा चार बाइटांचा केला की १०.८ जीबी. एवढ्यात आठ जीबीचं मशीन बसलेलं असतं.

चित्रं उघडणारी पायथनची पिलो लायब्ररी वापरत असाल तर तिच्यात थोडं संरक्षण आहे. ८,९४,७८,४८५ पिक्सेलच्या पुढे ती इशारा देते आणि त्याच्या दुपटीपुढे चित्र नाकारते. पण मधल्या पट्ट्यात नुसता इशारा असतो. लॉगमध्ये (सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत) एक ओळ उमटते आणि चित्र उघडतंच. असे चार फोटो एकदम आले तर मशीन तेवढ्यानंही कोसळतं. ओपनसीव्ही या दुसऱ्या चित्र-लायब्ररीची मूळ मर्यादा २ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे १०७ कोटी पिक्सेल. वरचं ९० कोटींचं चित्र तिथून विनातक्रार आत जातं.

पिलो फाइल उघडताना आधी फक्त तिचा मथळा वाचते. पिक्सेल नंतर, लागतील तेव्हा उलगडते. याचा फायदा घ्या. उघडा, लांबी-रुंदी बघा, आपल्या मर्यादेबाहेर असेल तर पिक्सेलना हात न लावता परत पाठवा. आणि मेमरी संपली की लिनक्स कुणाला मारतं ते विसरू नका. सर्वसाधारणपणे जास्त मेमरी खाणारं आधी जातं, मग ते मॉडेल असो किंवा शेजारी चालणारा तुमच्या हिशोबाचा डेटाबेस असो. मॉडेलच्या कंटेनरला (ते बाकीच्यांपासून वेगळं चालतं त्या कप्प्याला) स्वतंत्र मेमरी-मर्यादा घाला.

खऱ्या माणसाचा मोठा फोटो अडकला तर काय, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

६. मजकुरात तर पिक्सेल नसतात. मग टोकनायझर (मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकन, करणारा भाग) का अडकतो?

बहुतेक वेळा रेजेक्समुळे, म्हणजे मजकुरात ठरावीक रचना शोधणाऱ्या नमुन्यांमुळे. मजकूर मॉडेलकडे जाण्याआधी आणि परत आल्यावर त्याची साफसफाई होते, आणि ती करणारे काही नमुने असे लिहिलेले असतात की जुळलं नाही तर मागे येऊन पुन्हा, पुन्हा मागे येऊन पुन्हा शोधत राहतात. लांबी दुप्पट झाली की वेळ चौपट, आणि नमुना फारच वाईट असेल तर एकेका अक्षरागणिक दुप्पट होत जातो.

यातला प्रसिद्ध दाखला मशीन लर्निंगमधला नाही, पण समजायला सोपा आहे. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो ही साइट ३४ मिनिटं बंद पडली. एका पोस्टमध्ये सलग सुमारे २०,००० रिकाम्या जागा होत्या आणि ओळीच्या टोकाची रिकामी जागा काढणारा रेजेक्स त्यावर फिरत बसला. २०,००० अधिक १९,९९९ अधिक १९,९९८ असं करत गेलं की बेरीज वीस कोटींच्या घरात जाते. हगिंग फेस या कंपनीच्या, तयार मॉडेलं चालवणाऱ्या ट्रान्सफॉर्मर्स लायब्ररीतही याच जातीच्या चुका सापडल्या. शोधनिबंधांच्या पानांवरून मजकूर काढणाऱ्या नूगा मॉडेलच्या टोकनायझरमधली एक चूक सीव्हीई-२०२४-१२७२० या क्रमांकानं नोंदलेली आहे.

पायथनच्या मूळ रेजेक्समध्ये वेळेची मर्यादा घालायची सोय नाही. शिवाय जुळणी चालू असताना तो नेहमीच्या पायथनमधलं सामाईक कुलूप सोडत नाही, त्यामुळे त्याच प्रोसेसमधले बाकीचे थ्रेडही (समांतर चालणारी कामं) थांबतात. एका पाहुण्याचा विचित्र मजकूर आणि सगळ्यांचा चॅट गप्प, हे असं घडतं. मजकुराची लांबी दारातच कापा. बाहेरच्या मजकुरावर चालणारे नमुने आरई-टू सारख्या, मागे न फिरणाऱ्या इंजिनवर न्या.

७. मोठा प्रश्न विचारला की भाषा-मॉडेल सगळ्यांसाठी हळू होतं. ही असुरक्षितता की नुसती मंद मशीन?

मर्यादा घातलेली नसेल तर असुरक्षितताच. भाषा-मॉडेल प्रत्येक टोकनची आठवण जीपीयूच्या मेमरीत ठेवतं. लामा ३ या कुटुंबातलं ८ अब्ज पॅरामीटरचं (शिकलेल्या आकड्यांचं) भाषा-मॉडेल १६ बिटांत चालवलं तर ही आठवण टोकनमागे १२८ केबी होते. म्हणजे ८,१९२ टोकनांचा एक संवाद पूर्ण एक जीबी अडवतो. बारा जीबीच्या कार्डावर मॉडेल दाबून बसवलं असेल तर चार-पाच लांबलचक संवाद बाकीच्यांची जागा संपवतात.

मर्यादा अक्षरांवर घालू नका, टोकनांवर घाला. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि ज्या टोकनायझरचं मराठीशी फारसं जमत नाही तो आपल्या वाक्याचे इंग्रजीपेक्षा बरेच जास्त तुकडे करतो. इंग्रजीत चाचणी घेऊन ठरवलेली मर्यादा मराठीत वेगळीच वागते. उत्तराच्या लांबीवरही टोपी हवी. काही वेळा मॉडेल एकच वाक्य घोकत राहतं आणि थांबतच नाही. ‘एका प्रश्नाची वीस उत्तरं दे’ अशी सोय सर्व्हर देत असेल तर ती बाहेरच्यांना बंद ठेवा.

आडबाजूच्या वाटाही असतात. भाषा-मॉडेल चालवणाऱ्या व्हीएलएलएम या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये एक चूक अशी होती की ठरावीक साच्यातलं उत्तर मागताना दर वेळी नवा साचा दिला की त्याची प्रत डिस्कवर साठत जायची आणि शेवटी डिस्कच भरायची. ०.८.० आवृत्तीत ती दुरुस्त झाली. इथे जीपीयूवर ताण नाही, रॅमवर नाही, आणि तरी सेवा बंद.

भाषा-मॉडेलांच्या दहा मुख्य धोक्यांच्या ओवॅस्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेच्या संस्थेच्या यादीत २०२३ साली ‘मॉडेल डिनायल ऑफ सर्व्हिस’ चौथ्या क्रमांकावर होतं. २०२५ च्या यादीत ते ‘अनबाउंडेड कन्झम्प्शन’ या नावानं दहाव्या क्रमांकावर आहे. नाव बदललं ते योग्यच झालं, कारण भाड्याच्या मॉडेलवर सेवा बंद पडत नाही, बिल फुगतं. होमस्टेच्या वेबसाइटवरचा चॅट रात्रभर कुणी चालवत राहिला तर महिन्याच्या शेवटी खोलीभाड्यातून ते फेडावं लागतं. खर्चाची दैनंदिन मर्यादा पहिल्या दिवशीच लावा.

८. ओलामा तर माझ्या घरच्या मशीनवर आहे. मला काय धोका?

ओलामा हा आपल्याच मशीनवर भाषा-मॉडेल चालवणारा प्रोग्राम. तो मूळ मांडणीत फक्त त्याच मशीनला, ११४३४ या पोर्टवर (जोडणीच्या दारावर) उत्तर देतो. तोपर्यंत ठीक. पण मोबाइलवरून वापरता यावा म्हणून लोक तो सगळ्या पत्त्यांवर ऐकायला लावतात आणि राउटरवर पोर्ट उघडतात. त्याला स्वतःचं लॉगिन नाही, म्हणजे मग तो कुणाचाही होतो.

२०२४ मध्ये त्यात सापडलेल्या चुका बोलक्या आहेत. एकीत बिघडवलेली जीजीयूएफ मॉडेल-फाइल दिली की सर्व्हर कोसळायचा. दुसरीत नवं मॉडेल बनवताना फाइलीचा पत्ता म्हणून लिनक्समधल्या ‘डेव्ह-रँडम’चं नाव द्यायचं. ती खरी फाइल नसतेच, यादृच्छिक बाइट देत राहणारं साधन असतं. तिला शेवट नाही. सर्व्हर शेवटापर्यंत वाचायला बसायचा आणि मागणाऱ्यानं फोन ठेवून दिला तरी उठायचा नाही. दोन्ही दुरुस्त झाल्या आहेत. गुहागरच्या एका होमस्टेमध्ये मी गेलो तेव्हा मात्र मशीनवर जुनीच आवृत्ती होती आणि पोर्ट जगाला उघडं. अपडेट करा, पोर्ट बंद करा, बाहेरून लागत असेल तर व्हीपीएनमधून (खासगी, सुरक्षित जोडणीतून) या.

९. मॉडेलची फाइल नुसती उतरवून उघडली तर सेवा बंद पडू शकते?

हो, आणि कधी त्याहून वाईटही घडतं. पिकल या पायथनच्या साठवणुकीच्या प्रकारातली फाइल उघडताना तिच्यात दडवलेला कोड चालू शकतो. तो विषय डॉसच्या पलीकडचा आहे. सेफटेन्सर्स हा मॉडेल-फाइलींचा दुसरा प्रकार ते टाळण्यासाठीच निघाला, आणि त्याच्या कर्त्यांनी डॉसचाही विचार आधीच केला. फाइलच्या सुरुवातीच्या मथळ्यावर त्यांनी १०० एमबीची मर्यादा घातली, म्हणजे अवाढव्य मथळा देऊन वाचणाऱ्याला कुणी लटकवू नये. मला हा निर्णय फार आवडतो. वाचायला सुरुवात करण्याआधीच किती वाचणार ते ठरवलं आहे.

टेन्सरफ्लोचं धोरण स्पष्ट सांगतं की मॉडेल हा एक प्रोग्राम आहे. अनोळखी माणसाचं मॉडेल चालवणं म्हणजे त्याचा प्रोग्राम चालवणं. ग्राहकाला स्वतःचं मॉडेल चढवायची सोय देत असाल तर ते बंदिस्त कंटेनरमध्ये, मेमरी आणि वेळ मोजून चालवा.

१०. फाइल नीट, आकार नीट, आवृत्ती नवी. तरी एखादी विनंती दहापट वेळ का घेते?

काही इनपुट वरून अगदी साधं दिसतं, पण मॉडेलला जास्तीत जास्त काम करायला लावतं. केंब्रिज आणि टोरोंटो इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये याला ‘स्पंज’ उदाहरणं असं नाव दिलं. ती ऊर्जेचा खर्च १० ते २०० पट वाढवू शकतात असं त्यांनी दाखवलं. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅझ्युअरच्या भाषांतर सेवेवर एका मिलिसेकंदाचं उत्तर त्यांनी सहा सेकंदांवर नेलं. इथे दुरुस्त करायला चुकीची ओळ नसते, म्हणून अपडेटनं हे जात नाही.

चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या मॉडेलमध्ये हे शेवटच्या टप्प्यावर होतं. मॉडेल आधी भरपूर चौकटी सुचवतं, मग एकमेकींवर चढलेल्या चौकटी गाळण्यासाठी त्यांची जोडीजोडीनं तुलना होते. ३०० चौकटींच्या जोड्या पंचेचाळीस हजारांच्या आत राहतात. १०,००० चौकटींच्या जवळपास पाच कोटी होतात. हल्लेखोर असं चित्र मुद्दाम घडवतो. पण मासेमारीबंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये एका सोसायटीचा कॅमेरा दर सकाळी अडकू लागला, तेव्हा हल्लेखोर कुणीच नव्हता. टोपलीत बारीक कोळंबी होती. बांगड्याच्या टोपलीत जिथे चाळीस चौकटी यायच्या तिथे हजारोंनी येऊ लागल्या. गाळण्याआधी सर्वांत खात्रीच्या काहीशेच चौकटी ठेवायच्या अशी मर्यादा घातली आणि काम मार्गी लागलं. कोळंबी मोजायची नाही, वजन घ्यायचं, हेही तेव्हाच ठरलं.

११. सर्व्हर पडला तरी आपोआप उठतो. मग काळजी कशाला?

माझाही असाच समज होता. एका हंगामात पहाटे चारला पॅकहाऊसमधून फोन आला की लाइन चालू आहे पण निकाल येत नाहीत. चार वर्कर (रांगेतली कामं उचलणाऱ्या प्रोसेस) होते, पडला की उठेल अशी व्यवस्था मीच केली होती. लॉग बघितला तर चौघंही दर दीड मिनिटाला मरत होते आणि उठत होते.

पट्ट्यावर फळ नसताना कॅमेऱ्यानं एक रिकामी चौकट कापली होती, तिची उंची शून्य. जुन्या आवृत्तीतल्या खालच्या कोडला ती झेपली नाही आणि पहिला वर्कर मेला. रांगेच्या दृष्टीनं काम पूर्ण झालेलं नव्हतं, म्हणून तिनं तेच काम दुसऱ्याला दिलं. तो मेला. मग तिसरा, मग चौथा, तोवर पहिला उठलेला. एकच विषारी काम चौघांत फिरत राहिलं आणि मागे अडीच हजार फोटो तुंबले. बायका बाकांवर बसून हातानं आंबे वेगळे करू लागल्या म्हणून ती गाडी निघाली. ती रात्र माझ्या चुकीची होती. आपोआप उठण्यालाच मी सुरक्षा समजलो होतो.

आता प्रत्येक कामासोबत ते किती वेळा दिलं गेलं याची मोजणी असते. दोनदा वर्कर पडला की ते काम बाजूच्या रांगेत जातं आणि सकाळी माणूस ते बघतो. ही सोय बहुतेक रांग-सॉफ्टवेअरमध्ये तयार असते, पण ती आपण चालू केली आहे का, ते एकदा बघाच.

१२. आमचं मशीन इंटरनेटला जोडलेलंच नाही. आम्हाला हे लागू आहे?

मुद्दाम हल्ला करणारा जवळजवळ नाही, पण चुका त्याच. वरच्या प्रश्नातलं मशीनही इंटरनेटवर नव्हतं. पावसात वीज गेली की अर्धवट लिहिलेली फाइल राहते, पेनड्राइव्हवरून भलताच फोटो येतो, कॅमेऱ्याच्या काचेवर दव बसतं. सीव्हीईच्या यादीत काही चुकांपुढे ‘वादग्रस्त’ असा शेरा दिसतो. मशीनवर बसलेला माणूसच ती घडवू शकतो, मग ही असुरक्षितता कसली, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. मी तो शेरा बघत नाही. अनोळखी ठिकाणाहून आलेला आकडा या जागी पोचू शकतो का, एवढंच विचारतो. पोचत असेल तर चूक माझी आहे, पोचत नसेल तर ती अपडेट मे संपेपर्यंत थांबू शकते.

कारण हंगामात अपडेट करावं का, हाही प्रश्न सतत येतो. इंटरनेटला न जोडलेल्या मशीनवर मार्चच्या मध्यापासून मी काही बदलत नाही. आकार तपासणारा पहारा त्याआधीच लावून ठेवतो. इंटरनेटवर उघडी असलेली सेवा मात्र हंगाम असो नसो, दुरुस्ती आली की करतो.

१३. मर्यादा घातल्या आणि आता खरे बागायतदारच अडकतात. काय करू?

हा प्रश्न सर्वांत कठीण, कारण चुकीची मर्यादा हीसुद्धा सेवा बंद पाडणंच आहे.

२०० मेगापिक्सेलच्या फोनचा पूर्ण आकाराचा फोटो सुमारे वीस कोटी पिक्सेलचा असतो. पिलोची नकाराची रेषा १७ कोटी ८९ लाखांच्या आसपास आहे, म्हणजे चांगला फोन घेतलेल्या माणसाचा खरा फोटो हल्ला समजून परत जातो. मग कुणीतरी वैतागून मर्यादाच काढून टाकतं. तसं करू नका. जेपीईजीसाठी पिलोत ‘ड्राफ्ट’ ही सोय आहे. ती चित्र उलगडतानाच अर्ध्यावर, चतुर्थांशावर किंवा अष्टमांशावर आणते. मर्यादा वीस कोटींच्या थोडी वर न्या, पण फक्त जेपीईजीसाठी, आणि लहान करूनच उलगडा. अजून चांगलं म्हणजे ॲपमध्येच फोटो लहान करून पाठवा. डोंगरावरच्या वाडीत दोन दांड्यांच्या रेंजवर वीस एमबी चढवायला लावणं तसंही अन्यायाचं आहे.

दुसरी अडचण आयपी पत्त्यावरच्या मर्यादेची. ‘एका पत्त्यावरून मिनिटाला दहाच विनंत्या’ हे शहरात कदाचित चालेल. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतात. एका टॉवरखालचं अख्खं गाव तुमच्या सर्व्हरला एकच माणूस दिसतं आणि अकराव्या बागायतदाराला दार बंद. मर्यादा खात्यावर किंवा नोंदवलेल्या फोनवर घाला.

१४. हल्लेखोर नाही, वाईट फाइल नाही, तरी वादळानंतर सेवा कोलमडते. असं का?

टॉवर परत सुरू होतो तेव्हा साठलेले सगळे फोटो एकदम निघतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात वीज आणि मोबाइल बरेच दिवस नव्हते. एवढं मोठं नाही, पण लहान प्रमाणात हे दर पावसाळ्यात होतं. ॲप दर पाच सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करत असेल तर सर्व्हर जरा उठला की पुन्हा दाबला जातो. प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा वेळ दुप्पट करा आणि त्यात प्रत्येक फोनसाठी थोडा वेगळा, यादृच्छिक उशीर मिसळा. सर्व्हरवर रांगेची लांबी ठरवून द्या. ती भरली की ‘दहा मिनिटांनी पाठवा’ असं लगेच उत्तर द्या, विनंती धरून ठेवू नका.

१५. चाचणी म्हणून दुसऱ्याच्या सर्व्हरवर असा फोटो पाठवून बघू का?

लेखी परवानगीशिवाय कधीच नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये अधिकृत माणसाला संगणकापासून अडवणं स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि ते अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्वतःच्या सर्व्हरची प्रत काढा आणि तिच्यावर हवं ते करा. पायथनसाठी गूगलचं अ‍ॅथेरिस हे साधन चित्रविचित्र इनपुट आपोआप बनवून देतं. मी सुरुवात हातानंच करतो: शून्य उंची, एक पिक्सेल, अर्धी फाइल, प्रचंड चित्र, वीस हजार रिकाम्या जागा.

१६. खरोखर हल्ला झाला तर कळवायचं कुठे आणि किती वेळात?

सर्ट-इनकडे, म्हणजे सायबर घटनांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे. २८ एप्रिल २०२२ च्या त्यांच्या आदेशानुसार कंपन्या आणि सेवा देणाऱ्यांनी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. कळवायच्या घटनांच्या यादीत डॉस, डीडॉस आहेत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता व मशीन लर्निंगच्या प्रणालींवरचे हल्ले वेगळे नमूद केले आहेत. लहान संस्थेला वाटतं आपलं कोण ऐकणार, तरी कळवा. ज्या फाइलनं सर्व्हर पाडला ती पुसू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये वेळ लिहून ठेवा. दोष लायब्ररीचा निघाला तर तो आधी तिच्या सांभाळणाऱ्यांना खासगीत कळवायचा, आणि त्यांना पहिली लागते ती हीच फाइल.